उस्तादांचं बंद खोकं

घरातल्या तिसऱ्या खोलीचं दार बरीच वर्षं पूर्ण उघडत नव्हतं. ते वीतभर सरकायचं आणि मग आतून काहीतरी त्याला अडवायचं. आत शिरायचं तर पोट ओढून, आडवं होऊन शिरावं लागे. उस्तादांना अलीकडे पोट ओढणं जमत नसल्यामुळे त्या खोलीत नक्की काय काय आहे हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. सगळं त्यांनीच आणलेलं होतं, एवढं मात्र खरं.

घरसामान हलवणाऱ्या एका कंपनीत ते बांधाबांधीचे प्रमुख होते. काचेचं झुंबर एका गावाहून दुसऱ्या गावी न तडकता पोचवण्याची त्यांची ख्याती असल्यामुळे हाताखालची माणसं त्यांना उस्ताद म्हणत. दिवसभर दुसऱ्यांची घरं खोक्यांत भरताना उस्ताद लोकांच्या हौसेला हसत. "एका माणसाला टोप्या किती लागतात? डोकं एकच ना?" असं ते म्हणत. संध्याकाळी घरी येताना रस्त्यात एखाद्या दुकानाचे दिवे दिसले की सोबतच्या माणसाला सांगत, "तू हो पुढे. मी फक्त बघून येतो." आणि थोड्या वेळानं एक खोकं काखोटीला मारून बाहेर पडत.

खरं सांगायचं तर त्यांना वस्तूचा मोह नव्हता. मोह होता बांधणीचा. चारही कोपरे काटकोनात, पट्टी कुठे सुरकुतलेली नाही, खोकं हलवलं तरी आत काही खुळखुळत नाही, असं काही हातात आलं की ते खाली ठेवणं त्यांच्या जिवावर येई. घरी आणल्यावर एवढी सुरेख बांधणी फोडवत नसे. त्यामुळे तिसऱ्या खोलीतल्या बऱ्याच वस्तूंनी उजेड पाहिलेलाच नव्हता.

त्यांची मुलगी बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपायची आणि जेवणाच्या टेबलावर अभ्यास करायची. जेवायची वेळ झाली की तिची पुस्तकं खुर्चीवर जात आणि मग ती उभ्यानं जेवे. आता तिचं कॉलेज सुरू होणार होतं.

"दादाकडची मागची खोली रिकामी आहे," एके दिवशी जेवताना उस्तादांची बायको म्हणाली. "तो म्हणतोय, पोरीला माझ्याकडे पाठव."

"पाठव म्हणजे? सुट्टीला?"

"म्हणजे राहायला. कॉलेज संपेपर्यंत."

दादा म्हणजे मुलीचा मामा. तो लेखापरीक्षक होता. लोकांनी केलेला खर्च फालतू होता असं ठरवण्याचा त्याला पगार मिळत असे, आणि बहिणीच्या घरी तो हे काम फुकट करी.

उस्तादांनी मुलीकडे पाहिलं. "तुला जायचंय?"

"मला एक दार हवंय, बाबा," ती उभ्याउभ्या घास घेत म्हणाली. "लावता येईल असं."

ती खोली त्यांनी तिला पूर्वी अनेकदा कबूल केली होती. दर वेळी शब्द मनापासून दिलेला होता, आणि दर वेळी नेमका त्याच आठवड्यात कुठेतरी सेल लागला होता. पोरगी खरंच गेली तर संध्याकाळी घरी येऊन कोणाला हाक मारायची, हे त्यांना कळेना.

"करतो मी रिकामी," ते म्हणाले.

"बघू या," बायको म्हणाली. "कॉलेज सुरू व्हायच्या आत खोली रिकामी व्हायला हवी. आणि तोवर वाणसामान आणि औषधं सोडून घरात एकही नवीन वस्तू यायची नाही. जमलं तर ती इथे. नाही जमलं, तर दादा येऊन तिला घेऊन जाईल. मी त्याला तसा शब्द देणार आहे." ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. खुर्चीत आ वासून बसलेल्या माणसाला सांगावं त्याच आवाजात तिनं पुढे सांगितलं, "जरा त्रास होईल."

त्रास वेगळ्याच बाजूनं सुरू झाला. टाकण्याआधी वस्तू चालते का ते बघावं म्हणून त्यांनी पहिलं खोकं फोडलं. त्यात तंबू निघाला. या घरातलं कोणीही कधी उघड्यावर झोपलेलं नव्हतं. तंबू नीट आहे का हे बघायला तो बाहेरच्या खोलीत उभारला आणि त्यात बसून चहा प्यायला सगळ्यांना इतकं आवडलं की तो तसाच राहिला. दुसऱ्या खोक्यात दुर्बीण निघाली. समोरच्या इमारतीतला एक गृहस्थ रोज आपल्या झाडांशी बोलतो, हे तिच्यामुळे कळलं. मग त्याच्या बोलण्याची वेळ चुकवणं कोणालाच जमेना. वस्तू बाहेर निघत होत्या, पण घराबाहेर जात नव्हत्या.

मग पाय दाबायचं यंत्र निघालं. ते सेलवर चालणारं होतं आणि सेल त्यात नव्हते.

"सेल म्हणजे नवीन वस्तू," बायकोनं निकाल दिला.

म्हणून भिंतीवरच्या घड्याळातला आणि टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून त्यात घातले. दिवसभर खुर्चीशेजारी उभं राहून दमलेल्या बायकोनं त्यावर पाय ठेवले, डोळे मिटले, आणि बराच वेळ ती काहीच बोलली नाही. उस्तादांच्या एका खरेदीबद्दल तिनं काहीच न बोलण्याची ही पहिलीच वेळ होती. उस्तादांना आशा वाटू लागली. नेमकी तीच आशा मुलीनं त्यांच्या तोंडावर वाचली.

"अशानं खोली आपण मेल्यावर रिकामी होईल," ती म्हणाली. "उद्यापासून सगळं मी बांधणार. बाबा कामावर गेला की. कोणी काही उघडायचं नाही, बघायचं नाही. मीच जुन्या सामानाच्या दुकानात नेऊन देईन."

दुसऱ्या दिवशी उस्ताद घरी आले तेव्हा तंबू, दुर्बीण आणि यंत्र तिन्ही नाहीशी झालेली होती. यंत्राबरोबर त्यातले सेलही गेले होते, हे सगळ्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं. घड्याळ संध्याकाळच्या चहाच्या वेळेवर थांबलेलं होतं, ते तसंच राहिलं. टीव्ही रिमोटशिवाय सुरू होईना, कारण त्याचं स्वतःचं बटण कुठे असतं हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. सेल तर आणायचे नव्हते. तेव्हा जेवण झाल्यावर करायला काहीच उरलं नाही आणि तिघं नुसती बोलत बसू लागली. वेळ काय झाली असं कोणी विचारलं की घड्याळाकडे बघून "चहाची" असं उत्तर मिळे, आणि मग कोणीतरी उठून खरंच चहा टाके.

उस्तादांनी आपला घरी यायचा रस्ताही बदलला. दुकानांचा रस्ता सोडून ते बागेतून येऊ लागले. तिथे दोन म्हातारे रोज बुद्धिबळ खेळत. त्यांचा एक वजीर हरवला होता आणि त्याच्या जागी औषधाच्या बाटलीचं झाकण उभं असे. पहिले काही दिवस उस्तादांचा हात सारखा शिवशिवत होता. चांगला नवीन पट यांना आणून द्यावा असंही एकदा मनात आलं. पुढे ते झाकण कोणत्या घरात जातं यात त्यांचा जीव असा अडकला की बागेपलीकडे दुकानं आहेत हेच ते विसरले. घरी येऊन ते डावाचा सगळा वृत्तान्त सांगत, आणि बायको "मग झाकण वाचलं का?" असं विचारी. आपण सुखात आहोत असा संशय त्यांना येऊ लागला.

होता होता खोली रिकामी झाली. ज्या रविवारी मामा पाहणी करायला येणार होता, त्या सकाळी उस्तादांनी दार ढकललं तर ते सरळ जाऊन पलीकडच्या भिंतीवर आपटलं. त्यांनी ते पुन्हा लावून पुन्हा ढकललं. पुन्हा आपटलं.

"अहो, दार खेळायला नाही," बायको म्हणाली. "सामान न्यायला आणलेली ती ढकलगाडी परत द्यायची राहिलीय. दादा यायच्या आत देऊन या. आणि येताना साखर आणा." तिनं साखरेचे पैसे दिले. हे पैसे देताना तिला काहीच वाटलं नाही, हे नंतर तिनं स्वतःच कबूल केलं.

जुन्या सामानाच्या दुकानाचा मालक फार कंटाळलेला माणूस होता. आलेली खोकी तो उघडतसुद्धा नसे. उघडलं की आत काय आहे ते बघावं लागतं, आणि बघितलं की किंमत ठरवावी लागते. त्यापेक्षा बंद खोकं एकाच भावानं विकलेलं बरं. उस्तादांनी ढकलगाडी दारात लावली, मान खाली घालून वळले, आणि वळताना त्यांची नजर कोपऱ्यात गेली.

तिथे एक खोकं होतं.

ते जवळ गेले. कडांना आतून पुठ्ठ्याच्या पट्ट्या होत्या आणि त्या पट्ट्या वहीच्या जुन्या कव्हरांमधून मापानं कापलेल्या होत्या. चिकटपट्टीचं टोक परत सोडवायला सोपं जावं म्हणून दुमडून ठेवलेलं होतं. वरून दोरीला अशी गाठ होती, की कितीही हिसके बसले तरी सुटू नये आणि एक टोक ओढलं की सगळी मोकळी व्हावी. ही गाठ धंद्यातलीच माणसं मारतात. पण उस्तादांच्या हाताखालच्या एकालाही ती इतकी साफ जमत नव्हती. स्वतःला जमते का, याचाही त्यांना क्षणभर विचार करावा लागला.

"यात काय आहे?"

"काय माहीत," मालक म्हणाला.

"कोणी दिलं?"

"लोक देतात."

"उघडून बघता येईल?"

"घेतल्यावर."

उस्ताद बाहेर आले. फुटपाथवर उभे राहिले. ज्यानं हे बांधलंय त्यानं आतली वस्तू जिवापाड जपलेली असणार, हा विचार काही केल्या जाईना. ते परत आत गेले, कोपरे दाबून पाहिले आणि परत बाहेर आले. तिसऱ्यांदा बाहेर आले तेव्हा साखरेचे पैसे संपले होते आणि त्यांच्यासमोर ढकलगाडीवर ते खोकं होतं, कारण ते हातात नेण्याइतकं हलकं नव्हतं. दुकानच जुन्या सामानाचं असल्यामुळे ही नवीन वस्तू नव्हेच, असं त्यांनी स्वतःला रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत पटवलं. कोपऱ्यानंतर ते पटेनासं झालं.

खोकं घरी नेणं शक्य नव्हतं. घरात रिकामी जागा एकच होती आणि तिथे आज मामा बघणार होता. म्हणून त्यांनी तळमजल्यावर गाण्याच्या बाईंचं दार वाजवलं. आत शिकवणी चालू होती. भिंतीला टेकून पाच-सहा बायका वह्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"आजच्या दिवस हे तुमच्याकडे ठेवाल का?" उस्तादांनी आवाज खाली आणून विचारलं.

"ठेवते की. काय आहे यात?"

"माहीत नाही."

"कोणाचं आहे?"

"माझंच."

बाईंनी चष्मा नाकावर घेतला. "तुमचं आहे आणि तुम्हालाच माहीत नाही?"

"बांधणी फार चांगली आहे," उस्ताद म्हणाले. मग त्यांनी खोकं उंबरठ्याच्या आत टेकवलं. ते जरा जोरात टेकलं गेलं आणि आतून घरघर सुरू झाली.

बाईंनी कान दिला.

"काळी दोनचा सूर," त्या म्हणाल्या.

"बाई, आधी मागे व्हा तुम्ही," एक शिष्या उठत म्हणाली. "आत काय आहे ते यांना माहीत नाही, आणि ते वाजतंय."

हे वाक्य जिन्यानं वर गेलं. प्रत्येक मजल्यावर ते थोडं वाढत गेलं, आणि थोड्याच वेळात सगळी इमारत जिन्यात उभी राहिली. कोणी म्हणालं पाणी ओता, कोणी म्हणालं अजिबात ओतू नका. उस्तादांची बायको गर्दीतून वाट काढत खाली आली. तिच्यामागे मुलगी होती. मुलीनं खोकं पाहिलं, घरघर ऐकली, आणि तिचा चेहरा एकदम पडला. नेमक्या त्याच वेळी फाटकात टॅक्सी थांबली आणि मामा उतरला. भाचीचं सामान न्यायचं झालं तर असावी म्हणून त्यानं टॅक्सी थांबवून ठेवली होती.

"हे काय चाललंय?" मामानं विचारलं.

"अहो," बायको म्हणाली, "हे कोणाचं आहे?"

खोटं बोलायला उस्तादांना वेळच मिळाला नाही. "माझं," ते म्हणाले. "आत्ता आणलं."

जिन्यातल्या सगळ्यांना उगाचच कानकोंडं झालं.

"उघडा," मामा म्हणाला.

उस्ताद गुडघ्यांवर बसले. त्यांनी दोरीचं एक टोक ओढलं. गाठ मोकळी झाली. चिकटपट्टी एका ओढीत निघाली. आत जुन्या चादरीत गुंडाळलेलं पाय दाबायचं यंत्र थरथरत पडलं होतं. त्याच्या बाजूला घडी घातलेला तंबू होता आणि तंबूच्या घडीत दुर्बीण.

"हे तर आपलं आहे," यंत्र बाहेर काढून जिन्यापाशी ठेवत बायको म्हणाली.

गर्दीनं श्वास सोडला. उस्तादांनी मान वर केली नाही. दुकानातून आणलेली वस्तू घरात ठेवणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. स्वतःची वस्तू देऊन टाकून तीच पुन्हा विकत आणणारा माणूस त्यांच्या पाहण्यात नव्हता.

"बाबा, का घेतलंस रे?" मुलीनं विचारलं. तिचा आवाज रागाचा नव्हता, म्हणून त्यांना जास्त लागलं.

"बांधणी बघून. वाटलं, ज्या कोणी हे बांधलंय त्याला आतल्या वस्तूची फार काळजी असणार."

"मी बांधलंय ते."

"तू?" उस्तादांनी हातातली दोरी पाहिली. "आणि ही गाठ? ही कोणी शिकवली तुला?"

"तूच. बुटाची नाडी बांधायला. शाळेत सगळ्यांच्या नाड्या सुटायच्या, माझी कधीच नाही. बाकीचे नाडी वेगळी बांधतात, हे मला फार उशिरा कळलं."

उस्तादांनी तिच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही बुटांवर तीच गाठ होती. इतकी वर्षं ती सकाळी या दारातून बाहेर जात होती आणि संध्याकाळी आत येत होती, आणि त्यांचं लक्ष मात्र दुकानातल्या खोक्यांच्या गाठींवर होतं. त्यांना फार वाईट वाटलं आणि त्याच वेळी छाती भरून आली. ते दोरीची गुंडाळी करत बसले.

"ते सगळं छान आहे," मामा म्हणाला. "पण तुमचं ठरलं काय होतं? एकही नवीन वस्तू नाही."

"वस्तू नवीन कुठे आहे?" गाण्याच्या बाई म्हणाल्या.

"खर्च नवीन आहे," मामा म्हणाला.

बायकोनं एकदा मुलीकडे पाहिलं, मग भावाकडे. "हो," ती हळूच म्हणाली. "मी शब्द दिला होता." दवाखान्यातला तिचा आवाज या वेळी तिला सापडला नाही.

"जा बाळा, बॅग भर," मामा म्हणाला. "मी थांबतो. आणि हे आधी बंद करा कोणीतरी." कोणी हललं नाही, तेव्हा तो स्वतः जिन्याच्या पायरीवर बसला, बूट काढला, आणि बटण दाबायला पाय पुढे केला. पाय बटणावर पडला नाही, यंत्रावर पडला. मामानं तो उचलला नाही. थोड्या वेळानं त्यानं दुसराही बूट काढला. त्याच्या कपाळावरची आठी तो लहान असल्यापासून होती असं त्याची बहीण सांगते. ती हळूहळू उलगडत गेली.

मुलगी बॅग भरायला गेली नव्हती. ती त्याच्याकडे बघत कठड्याला टेकून उभी होती.

"हे कुठे मिळतं?" बऱ्याच वेळानं मामानं विचारलं.

"हे नवीन नाही मिळत आता, मामा," ती म्हणाली. "पण त्या जुन्या सामानाच्या दुकानात बाबाची अजून पुष्कळ खोकी पडली आहेत. काही तर आणल्यापासून कोणी उघडलेलीसुद्धा नाहीत."

"काय आहे त्यात?"

"ते घेतल्यावरच कळतं. स्वस्त देतो तो."

मामानं बूट चढवले. "ही ढकलगाडी त्याचीच ना? परत द्यायला हवी. मी देऊन येतो," तो म्हणाला. "आलोच आहे तर फक्त बघून येतो."

उस्तादांनी चमकून मान वर केली. मुलगी नाडी बांधायला खाली वाकली होती, त्यामुळे तिचा चेहरा दिसला नाही.

मामा परत आला तो चालत. दुकानाशी बोलावून घेतलेल्या टॅक्सीत त्याला बसायला जागा नव्हती. मागच्या सीटवर काचेपर्यंत खोकी होती, टपावर होती आणि ड्रायव्हरच्या मांडीवरही एक होतं. ड्रायव्हर समोर बघत होता.

"चांगला माल आहे," मामा घाम पुसत म्हणाला. "मागच्या खोलीत लावून टाकतो. जागा आहे तिथे."

"दादा," बहीण म्हणाली, "तिथे ही राहणार होती ना?"

मामानं खोक्यांकडे पाहिलं, मग भाचीकडे, मग पुन्हा खोक्यांकडे. मनातल्या मनात खोलीची लांबी-रुंदी मोजून झाली असावी.

"थोडे दिवस थांब, बाळा," तो म्हणाला. "मी रिकामी करतो. मनापासून सांगतो, रिकामी करतो."

उस्तादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सावकाश करा, दादा," ते म्हणाले. "आम्हाला घाई नाही."

पाय दाबायचं यंत्र मामाच घेऊन गेला. त्यातले सेल मुलीनं आधीच काढून घेतले होते. तंबू गाण्याच्या बाईंच्या शिष्यांनी मागून नेला आणि दुर्बीण, समोरचे गृहस्थ झाडांशी काय बोलतात ते सवडीनं बघायला, बाईंनी स्वतःकडे ठेवून घेतली. सेल बायकोनं टेबलावर ठेवले. ते घड्याळात आणि रिमोटमध्ये घालायचे होते. पण दुपारी गादी हलवायची होती, मग पुस्तकं, मग बिनसाखरेचा चहा झाला आणि ते तिथेच राहिले.

संध्याकाळी मुलगी आपल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावलं. दार पूर्ण लागलं. उस्ताद थोडा वेळ बाहेर उभे राहिले. आजवर ते आतल्या वस्तूंनी अडायचं. आज ते आतल्या माणसानं लावलेलं होतं. त्यांनी बोटानं दारावर टकटक केलं.

"कोण आहे?"

"मी."

"काय हवंय, बाबा?"

"काही नको," उस्ताद म्हणाले. "फक्त बघायला आलो."